‘शॉक नको’ म्हणणाऱ्या यंत्राला वाहते रक्त दिसते का?

गरब्याच्या मैदानात, मॅरेथॉनमध्ये किंवा व्यायामशाळेत धडधाकट माणूस अचानक कोसळल्याची बातमी आली, की एईडी या यंत्राची चर्चा सुरू होते. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आणि नवी मुंबईत वाशी-नेरूळ भागातल्या काही मोठ्या गृहसंकुलांत, कार्यालयांत आणि व्यायामशाळांत भिंतीवरच्या पेटीत बसवलेले हे यंत्र आता दिसू लागले आहे. यंत्र सुरू करायचे, दोन चिकट पट्ट्या उघड्या छातीवर लावायच्या, मग ते हृदयाची लय तपासते आणि गरज असेल तर विजेचा शॉक देते, एवढे प्रात्यक्षिकात बहुतेकांना नीट कळते. गोंधळ उडतो तो यंत्र ‘शॉकची गरज नाही’ असे सांगते तेव्हा. कोणाला वाटते की माणूस वाचला, म्हणून छाती दाबणारे हात थांबतात. कोणाला वाटते की आता सगळे संपले, आणि त्यामुळेही हात थांबतात. हे दोन्ही समज चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे वाचू शकणारा माणूस दगावू शकतो.

सार्वजनिक ठिकाणी ठेवले जाणारे सर्वसाधारण एईडी हृदयातली वीज तपासते. त्या विजेमुळे हृदय खरोखर आकुंचन पावते आहे का, आणि त्यातून निघालेले रक्त मेंदूपर्यंत पोचते आहे का, याविषयी त्या यंत्राला काहीही ठाऊक नसते. ही उणीव दूर करून यंत्रालाच रक्ताभिसरण ओळखायला शिकवण्याचे प्रयत्न बरीच वर्षे चालू आहेत. ते कसे चालले आहेत, कुठे अडले आहेत आणि तोपर्यंत आपण काय करायचे, हे समजून घेणे पेटीशेजारून रोज ये-जा करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचे आहे.

हृदयक्रिया बंद पडते म्हणजे काय होते

हार्ट अटॅक आणि कार्डिअॅक अरेस्ट हे शब्द बातम्यांत सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून आधी ते वेगळे करू. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी तुंबते. रुग्णाच्या छातीत दुखते, घाम फुटतो, पण बहुधा तो शुद्धीवर असतो आणि त्याचे हृदय रक्त ढकलतच असते. कार्डिअॅक अरेस्टमध्ये, म्हणजे हृदयक्रिया बंद पडते तेव्हा, रक्त पुढे जाणेच थांबते. काही सेकंदांत शुद्ध हरपते, श्वास थांबतो किंवा अधूनमधून नुसते आचके येतात. हार्ट अटॅकमुळे असे होऊ शकते, तसेच ते बुडण्यामुळे, गुदमरण्यामुळे, विजेच्या धक्क्यामुळे किंवा अतिरक्तस्रावामुळेही होऊ शकते.

अशा वेळी हृदयातल्या विजेची स्थिती चारपैकी एक असते. पहिल्या स्थितीत हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विजेचा नुसता गोंधळ माजतो आणि स्नायू आकुंचन न पावता थरथरत राहतो. दुसऱ्या स्थितीत तेच कप्पे इतक्या वेगाने धडधडतात, की त्यांत रक्त भरायलाच वेळ मिळत नाही. या दोन स्थितींत शॉकचा उपयोग होतो, कारण शॉकमुळे सगळी वीज क्षणभर शांत होते आणि हृदयाला आपली मूळ लय पुन्हा पकडण्याची संधी मिळते. तिसऱ्या स्थितीत वीज जवळपास नसतेच आणि आलेखावर सपाट रेघ येते. चौथ्या स्थितीत आलेख पाहिला तर लय बऱ्यापैकी व्यवस्थित असते, परंतु नाडी लागत नाही. या चौथ्या स्थितीला डॉक्टर पीईए म्हणतात, आणि या लेखातला सगळा पेच तिच्याभोवतीच आहे.

एईडीचे काम पहिल्या दोन स्थिती उरलेल्यांपासून वेगळ्या काढण्याचे, आणि ते काम ते फार चोख करते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९९७ साली या यंत्रांसाठी सुचवलेल्या निकषांनुसार शॉक लागू पडेल असा विजेचा गोंधळ शंभरपैकी नव्वदाहून अधिक वेळा ओळखता आला पाहिजे, आणि हृदयाची नेहमीची लय असताना शॉक नको हा निर्णय शंभरपैकी नव्व्याण्णवाहून अधिक वेळा बरोबर आला पाहिजे. अनोळखी माणसाच्या हातात हे यंत्र निर्धास्तपणे देता येते ते या काटेकोरपणामुळे. मात्र, हे सगळे निकष लय ओळखण्याविषयी आहेत. त्यांत रक्ताभिसरणाचा उल्लेख नाही.

पंप सुरू आहे, पण टाकीत पाणी पडते का?

सोसायटीच्या पंपघरात उभे राहिले, की पॅनेलवरचा दिवा लागलेला दिसतो, मोटरची घरघर ऐकू येते आणि सगळे सुरळीत आहे असे वाटते. पण पंपाने हवा धरलेली असेल, किंवा खालच्या टाकीतच पाणी नसेल, तर वरच्या टाकीत थेंबही पडत नाही. पॅनेलकडे कितीही बारकाईने पाहिले तरी हे कळायचे नाही. त्यासाठी गच्चीवर जाऊन टाकीत डोकवावे लागते.

ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेचा आलेख, हे हृदयाचे पॅनेल आहे. पीईए म्हणजे पॅनेलवर दिवा आहे, पण टाकी कोरडी आहे. खूप रक्त वाहून गेल्यामुळे हृदयात ढकलायला रक्तच उरलेले नसते, फुप्फुसाच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असते, हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त किंवा पाणी साचून हृदय दाबले गेलेले असते, किंवा प्राणवायूअभावी स्नायूत आकुंचनाची ताकदच राहिलेली नसते. विजेची आज्ञा मात्र ठरल्या वेळी येत राहते. यात कठीण गोष्ट अशी, की पीईए असलेल्या रुग्णाचा ईसीजी आणि नुकतेच रक्ताभिसरण परतलेल्या रुग्णाचा ईसीजी अनेकदा इतका सारखा दिसतो, की अनुभवी डॉक्टरलाही केवळ आलेखावरून खात्रीने सांगता येत नाही. दोघांच्या बाबतीत एईडी एकच वाक्य बोलते: शॉकची गरज नाही. एकाची छाती दाबत राहिलेच पाहिजे आणि दुसऱ्याची दाबण्याची गरज उरलेली नाही, हा भेद त्या वाक्यात नसतो.

हे वाक्य क्वचितच ऐकू येते असेही नाही. रुग्णालयाबाहेर हृदयक्रिया बंद पडलेल्यांच्या अमेरिकेतील नोंदी पाहिल्या, तर पहिल्या तपासणीत शॉक देण्याजोगी लय साधारण पाचांपैकी एकातच सापडते. म्हणजे यंत्र आणले, पट्ट्या लावल्या आणि ‘शॉकची गरज नाही’ असे ऐकू आले, हीच अधिक संभवनीय गोष्ट आहे, आणि आपल्याकडच्या प्रशिक्षणात त्या क्षणाची तयारी जितकी करून घ्यायला हवी तितकी करून घेतली जात नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

मग मानेवर बोटे ठेवून नाडी का पाहू नये?

हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि २००० सालापर्यंत सामान्य नागरिकांनाही नाडी पाहायलाच शिकवले जात असे. त्या वर्षीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ही पायरी वगळली गेली, त्याला सबळ कारण होते. जर्मनीत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०६ जणांना मानेतली नाडी तपासायला सांगितले होते. त्यांत नुकतेच प्रथमोपचार शिकलेले होते तसे रुग्णवाहिकेवरचे कर्मचारीही होते. रुग्ण हृदयशस्त्रक्रियेसाठी हृदय-फुप्फुस यंत्रावर घेतलेले होते. त्या यंत्राने रक्तप्रवाह सुरू ठेवूनही नाडीचे ठोके बंद करता येतात, त्यामुळे खरे उत्तर काय हे संशोधकांना नक्की ठाऊक होते. दहा सेकंदांत बरोबर उत्तरापर्यंत पोचलेले सहांपैकी जेमतेम एक निघाले. शांत खोलीत ही गत, तर फलाटावरच्या गर्दीत, स्वतःचेच हृदय जोरात धडधडत असताना काय होईल, याची कल्पना करता येते. घाबरलेल्या माणसाला बोटांच्या टोकांत स्वतःचीच नाडी जाणवते आणि ती रुग्णाची वाटते.

शिवाय नाडी शोधत असताना छाती दाबणे थांबलेले असते, आणि त्या वेळाची किंमत मोठी असते. छाती दाबून आपण जो रक्तदाब निर्माण करतो तो एकेका दाबाने हळूहळू चढतो आणि हात थांबताच झपाट्याने कोसळतो. पुन्हा सुरुवात केली तरी हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत पुरेसा दाब येण्यासाठी पुष्कळ दाब द्यावे लागतात. म्हणूनच डॉक्टर आणि परिचारिकांनाही नाडी पाहण्यासाठी जास्तीत जास्त दहा सेकंदच दिलेले आहेत. २००५ पासूनच्या सूचनांनुसार तर शॉक दिल्यानंतरही नाडी न पाहता लगेच दोन मिनिटे छाती दाबायची असते, कारण शॉकने लय सुधारली तरी स्नायूला जोमाने रक्त ढकलण्याची ताकद यायला थोडा वेळ लागतो.

थोडक्यात, माणसाची बोटे मंद आणि अविश्वसनीय आहेत, आणि यंत्राचा ईसीजी वेगवान पण अर्धा आंधळा आहे. दोन्हींच्या मधली पोकळी भरून काढणारे काही यंत्रातच बसवता येईल का, हा विचार त्यातून पुढे आला.

छातीवरच्या त्याच पट्ट्यांतून रक्ताची चाहूल

यातला सर्वांत कल्पक मार्ग असा, की त्यासाठी रुग्णाला काहीही नवीन जोडावे लागत नाही. एईडीच्या पट्ट्या छातीवर नीट चिकटल्या आहेत की नाही, हे तपासण्यासाठी यंत्र त्यांतून अगदी क्षीण, रुग्णाला जाणवणारही नाही असा, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडत असते आणि छाती त्या प्रवाहाला किती अडवते हे मोजत असते. या अडवणुकीला विद्युतरोध म्हणू. प्रौढ माणसाच्या छातीचा विद्युतरोध साधारण ७० ते ८० ओहमच्या आसपास असतो आणि तो माणसागणिक बराच बदलतो.

रक्त हे क्षारयुक्त असल्यामुळे विजेचे चांगले वाहक आहे, तर हवेने भरलेले फुप्फुस आणि चरबी वाईट वाहक आहेत. हृदय आकुंचन पावून रक्त महाधमनीत फेकते तेव्हा छातीतल्या रक्ताची मांडणी क्षणभर बदलते आणि विद्युतरोध किंचित खाली येतो. प्रत्येक ठोक्याबरोबर अशी एक बारीकशी लाट उमटते. ही लाट ओहमच्या दहाव्या हिश्शाएवढी, पुष्कळदा त्याहूनही लहान असते. म्हणजे मूळ मापाच्या हजाराव्या भागाएवढ्या हालचालीतून यंत्राने रक्त वाहते आहे हे ओळखायचे असते.

ही एकटी लाट भरवशाची नाही, म्हणून तिची ईसीजीशी सांगड घातली जाते, आणि या पद्धतीचे मर्म इथेच आहे. ईसीजीवर विजेचा टोकदार ठोका उमटला, की त्यानंतर लगेच, ठरावीक अंतराने, दर वेळी जवळपास सारख्याच आकाराची लाट विद्युतरोधात उमटते का, हे यंत्र पाहते. दर ठोक्यामागे लाट येत असेल, तर विजेच्या आज्ञेचे पालन होते आहे आणि रक्त पुढे जाते आहे. विजेचे ठोके येत आहेत पण त्यांच्यामागे लाट नाही, किंवा लाटा येतात पण त्यांचा ठोक्यांशी मेळ नाही, तर ती लक्षणे पीईएची आहेत. ऑस्ट्रिया आणि नॉर्वेतील संशोधकांनी २००७-०८ च्या सुमारास या दिशेने काम प्रसिद्ध केले. त्यानंतर स्पेनच्या बास्क प्रांतातील संशोधकांनी ते पुढे नेले आणि २०१९ मध्ये केवळ पाच सेकंदांच्या ईसीजीच्या तुकड्यावरून नाडी असलेली आणि नसलेली लय वेगळी करण्याचे काम संगणकाच्या कृत्रिम मज्जाजालाकडून, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रणालीकडून, करवून घेतले. नोंदवलेल्या आलेखांवर त्याची अचूकता नव्वद टक्क्यांच्या वर होती. डोळ्यांना एकसारखे दिसणारे आलेख संगणकाला अगदी एकसारखे दिसत नाहीत, ही त्यातली आशादायक बाब आहे.

प्रत्यक्ष जमिनीवर काय बिघडते

प्रयोगशाळेत जमलेली ही गोष्ट रस्त्यावर अवघड होते, कारण छातीचा विद्युतरोध बदलणारे रक्त हे एकच कारण नाही. तोंडाने दिलेल्या श्वासामुळे किंवा रुग्णवाहिकेत पिशवीने भरलेल्या हवेमुळे फुप्फुस फुगते आणि विद्युतरोध रक्तामुळे होणाऱ्या बदलाच्या कित्येक पटींनी वर चढतो. मरणासन्न रुग्णाच्या आचक्यांमुळेही तेच होते. छाती दाबली जात असताना तर पट्ट्यांच्या तारा हलतात, पट्ट्यांखालची त्वचा ताणली जाते, आणि हृदयाची लाट त्या खळबळीत पार बुडून जाते. म्हणून या पद्धतीला आजही छाती दाबणे काही सेकंद थांबवावे लागते. यंत्र लय तपासण्यासाठी दर दोन मिनिटांनी जी विश्रांती घेते तेवढ्याच वेळात रक्ताभिसरणाचीही तपासणी उरकणे शक्य असते, पण त्यासाठी आणखी वेळ मागितला तर फायद्यापेक्षा तोटा अधिक व्हायचा.

याहून मूलभूत अडचण दुसरीच आहे. नाडी असणे आणि नसणे यांच्यामध्ये काटेकोर सीमारेषा नाही. पीईए म्हटल्या गेलेल्या काही रुग्णांच्या हृदयाची सोनोग्राफी केली, तर हृदय दुबळेपणाने का होईना, हलताना दिसते. थोडेसे रक्त पुढे जात असते, पण मानेतल्या नाडीपर्यंत त्याचा ठोका पोचत नाही आणि मेंदूला ते पुरत नाही. अशा हृदयाची बारीक लाट पाहून यंत्राने काय म्हणावे? रक्त वाहते आहे हे खरे आहे, आणि छाती दाबत राहायला हवे हेही खरे आहे.

त्यात आणखी एक गुंता आहे, ज्याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे. संगणकाला शिकवण्यासाठी जे आलेख वापरतात, त्यांवर ‘नाडी होती’ किंवा ‘नाडी नव्हती’ अशी खूण बहुधा त्या वेळी हजर असलेल्या कर्मचाऱ्यांनी केलेल्या नोंदींवरून केली जाते. माणसाची बोटे नाडी ओळखण्यात किती चुकतात, हे आपण वर पाहिलेच. ज्यांवरून उत्तरपत्रिका तपासायची ती नमुना उत्तरेच अधूनमधून चुकीची असतील, तर विद्यार्थ्याला मिळालेल्या गुणांवर कितपत विसंबायचे, हा प्रश्न संशोधकांनाही पडलेला आहे. धमनीत नळी घालून थेट रक्तदाब मोजलेल्या रुग्णांच्या नोंदी याहून खात्रीच्या असतात, पण रस्त्यावर कोसळलेल्या माणसाच्या बाबतीत त्या सहसा मिळत नाहीत.

रुग्णवाहिकेतल्या चमूकडे दुसरी साधने असतात

महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ सेवेच्या प्रगत रुग्णवाहिकांत डॉक्टर आणि डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला शॉक देणारे यंत्र, असते. प्रशिक्षित चमूला रक्ताभिसरण ओळखण्याचा एक चांगला मार्ग रुग्णाच्या उच्छ्वासातून मिळतो. शरीरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांपर्यंत रक्तच आणून पोचवते, त्यामुळे रक्त फिरत नसेल तर उच्छ्वासात हा वायू फारच कमी सापडतो. निरोगी माणसात त्याचे माप पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटर दाबाएवढे असते. छाती चांगली दाबली जात असताना ते बहुधा १० ते २० च्या दरम्यान राहते. ते एकाएकी चाळिशीच्या आसपास चढले आणि तिथेच टिकले, तर हृदय स्वतः कामाला लागले असण्याचा तो भक्कम इशारा असतो, आणि विशेष म्हणजे त्यासाठी छाती दाबणे क्षणभरही थांबवावे लागत नाही. या मापालाही मर्यादा आहेत, कारण सोडियम बायकार्बोनेटसारखे औषध दिल्यास ते काही काळ फसवे वाढते. शिवाय त्यासाठी श्वासनलिकेत नळी किंवा तत्सम साधन बसवलेले असणे चांगले, आणि ते काम सोसायटीच्या सुरक्षारक्षकाचे नाही.

सोनोग्राफीने हृदय प्रत्यक्ष पाहता येते, पण अभ्यासांत असे आढळले आहे की ते करताना तपासणीची विश्रांती दहा सेकंदांच्या मर्यादेपलीकडे लांबत जाते. चमू शिस्तीचा असेल तरच त्याचा फायदा आहे.

घरातला ऑक्सिमीटर लावला तर चालेल का?

करोनाच्या काळापासून ठाण्यातल्या अनेक घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, म्हणून हा प्रश्न येणारच. तो लावू नये. ऑक्सिमीटर बोटातून प्रकाश पाठवून रक्ताची स्पंदने टिपतो, आणि आपण छाती दाबतो तेव्हा त्या दाबांनीही बोटात स्पंदने निर्माण होऊ शकतात. पडद्यावर दिसणारा आकडा हृदयाचा की आपल्या हातांचा, हे त्या साध्या उपकरणाला सांगता येत नाही. उलट थंड पडलेल्या बोटांत, हृदय चालू झालेले असूनही, तो काहीच न दाखवण्याची शक्यता असते. कपाळावर किंवा नाकावर असे प्रकाशसंवेदक लावून, संगणकाने छाती दाबण्याची लय वजा करून, हृदयाची स्वतःची लय शोधण्यावर संशोधन झालेले आहे, पण घरातला ऑक्सिमीटर म्हणजे ते साधन नव्हे.

मनगटी घड्याळांची गोष्टही वेगळी आहे. गूगलच्या पिक्सेल वॉच ३ मधील नाडी हरपल्याचे ओळखून मदत बोलावणाऱ्या सोयीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यता दिली. पण एकटा असलेला माणूस कोसळला हे ओळखणे, आणि कोणी छाती दाबत असताना रक्ताभिसरण परतले आहे का हे ओळखणे, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, आणि घड्याळ त्यांपैकी पहिल्याचेच उत्तर देते.

एवढे तंत्र आहे, तर ते प्रत्येक एईडीत का नाही?

कारण इथल्या दोन चुकांचे वजन सारखे नाही. रक्त वाहत असताना यंत्र ‘वाहत नाही’ म्हणाले, तर छाती आणखी दोन मिनिटे दाबली जाईल. रक्त वाहत नसताना यंत्र ‘वाहते आहे’ म्हणाले, तर हात थांबतील आणि माणूस जाईल. रुग्णालयात अशी चूक झाली तर शेजारी दुसरा डॉक्टर, दुसरे मापक असते. सोसायटीच्या आवारात यंत्राच्या शब्दाला आव्हान देणारे कोणी नसते, आणि तिथला माणूस तर थांबायला कारणच शोधत असतो, कारण छाती दाबणे हे अतिशय दमवणारे काम आहे.

आकड्यांत पाहू. समजा, नाडी नसलेल्या रुग्णाला यंत्र शंभरांपैकी पंचाण्णव वेळा बरोबर ओळखते. हे ऐकायला उत्तम वाटते. पण घोडबंदर रस्त्यावरच्या वाहतुकीतून रुग्णवाहिका पोचायला वीस मिनिटे लागली, तर दर दोन मिनिटांनी एक याप्रमाणे दहा तपासण्या होतील. प्रत्येक तपासणीतली चूक स्वतंत्र आहे असे धरले, तर दहाही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता साठ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे शंभर रुग्णांपैकी चाळिसांच्या बाबतीत यंत्र केव्हा ना केव्हा, विनाकारण, थांबायला सांगेल. माझ्या मते या गणितामुळे ही सोय सामान्यांच्या हातातल्या यंत्रात घाईने आणणे धोक्याचे आहे. प्रशिक्षित चमूच्या डिफिब्रिलेटरवर, इतर मापांच्या जोडीला एक इशारा म्हणून ती आली, तर मात्र तिचे मोल मोठे असेल: नाडी शोधण्यात जाणारी सेकंदे वाचतील आणि परतलेले हृदय पुन्हा बंद पडले तर ते लगेच कळेल.

चालू असलेल्या हृदयावर दाब दिला तर इजा होईल ना?

ही भीती मी अनेकांकडून ऐकतो, आणि तिच्यापायी लोक सुरुवातच करत नाहीत. अमेरिकेतील सिअॅटल परिसरात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फोनवरच्या सूचनेनुसार ज्यांची छाती दाबली गेली पण ज्यांची हृदयक्रिया मुळात बंद पडलेलीच नव्हती, अशा लोकांची विचारपूस केली गेली. त्यांच्यापैकी सुमारे १२ टक्क्यांना दुखणे जाणवले आणि सुमारे २ टक्क्यांचे हाड मोडले. दुसऱ्या पारड्यात हे आहे: शॉक लागू पडणाऱ्या स्थितीत, छाती न दाबता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

चुकून शॉक बसण्याची भीती मात्र एका बाबतीत खरी आहे. हृदय अतिवेगाने धडधडत असूनही माणूस शुद्धीवर असू शकतो, आणि एईडी नाडी पाहत नसल्यामुळे ते अशा लयीलाही शॉक सुचवू शकते. म्हणून हाक मारून, खांदे हलवूनही प्रतिसाद न देणाऱ्या आणि नीट श्वास न घेणाऱ्या माणसालाच पट्ट्या लावायच्या, हा नियम काटेकोर पाळला पाहिजे. यंत्राच्या आंधळेपणाची बाजू या नियमाने सांभाळली जाते.

यंत्र ‘शॉकची गरज नाही’ म्हणाल्यावर

लगेच पुन्हा छाती दाबायला सुरुवात करायची. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रौढ माणसात पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचे आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. तोंडाने श्वास देण्याचे प्रशिक्षण नसेल तर केवळ छाती दाबत राहावे, असे भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सामान्य नागरिकांसाठी सांगितलेले आहे. दोन मिनिटांनी यंत्र पुन्हा लय तपासेल, आणि मघाशी शॉक न लागणारी लय आता शॉक लागणारी झालेली असू शकते. दाबणारा माणूस दर दोन मिनिटांनी बदलावा.

थांबायचे ते रुग्ण हालचाल करू लागला, डोळे उघडले किंवा नियमित श्वास घेऊ लागला तर. सामान्य माणसाला गच्चीवरच्या टाकीत डोकावता येईल अशी ही एवढीच खिडकी आहे, आणि ती पुरेशी विश्वासार्ह आहे, कारण मेंदूपर्यंत रक्त पोचल्याशिवाय यांतले काही घडत नाही. अधूनमधून येणारा एकेक आचका म्हणजे श्वास नव्हे. त्यावर थांबू नये. माणूस सावरला तरी पट्ट्या काढायच्या नाहीत आणि यंत्र बंद करायचे नाही, कारण हृदय काही मिनिटांत पुन्हा बंद पडू शकते.

यंत्र विकत घेणाऱ्या समित्यांसाठी

काही यंत्रे छाती किती खोल आणि किती वेगाने दाबली जाते आहे ते मोजून ‘जोरात दाबा’ असे सांगतात. ही सोय उपयोगी आहे, पण ती आपल्या हातांचे माप घेते, रुग्णाच्या रक्ताभिसरणाचे नाही. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली नाही ना, हे सरळ विचारून घ्यावे. सूचना मराठीत किंवा निदान हिंदीत ऐकू येतात का, हेही विचारावे, कारण रात्री तीन वाजता यंत्रापाशी पहिल्यांदा पोचणारा बहुधा सुरक्षारक्षकच असेल.

आणखी एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. एईडी प्रत्येक वापराची नोंद स्वतःच्या स्मृतीत साठवते. त्यात ईसीजी असतो, शॉकच्या वेळा असतात, आणि पुष्कळ यंत्रांत छातीच्या विद्युतरोधाचा आलेखही असतो. रुग्ण रुग्णालयात पोचल्यावर त्याची पहिली लय कोणती होती, ती शॉकने बदलली की आपोआप, हे तिथल्या हृदयरोगतज्ज्ञाला या नोंदीतूनच कळते. पुढे त्या रुग्णाच्या छातीत कायमचा छोटा डिफिब्रिलेटर बसवायचा का, यासारखे निर्णय त्यावर अवलंबून असू शकतात. म्हणून ही नोंद कोण, किती तासांत उतरवून देईल, हे खरेदीच्या करारातच लिहून घ्यावे, आणि ती उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या हाती पडेपर्यंत यंत्रातली माहिती कोणीही पुसू नये.